सगळ्या वाडीचा एकच नंबर

माझी नोकरी एकदा सहा आकड्यांवर येऊन अडली होती, आणि ते आकडे पार तिकडं चीनच्या अंगाला, बर्फात, एका फौजीच्या खिशात होते. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. तेव्हा माझं काय झालं होतं ते माझं मला माहीत.

औंधच्या पुढं एका वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी. खोल्या दोन, शिक्षक दोन. मुख्याध्यापक म्हणजे आमचे मोठे गुरुजी, आणि दुसरी मी. माहेर माझं कवठे महांकाळचं, कोरडवाहू मुलखातलं, त्यामुळं ऊन, धूळ, दोन दिवसांआड पाणी याचं मला काही वाटत नाही. तोंडही तिकडचंच आहे, मनात आलं की बाहेर पडतं. नोकरी लागली ती मात्र कोयनेच्या वर, डोंगरात. सहा वर्षं काढली तिथं. पोरगा साताऱ्यात सासूबाईंजवळ वाढला. शनिवारी संध्याकाळी मी घरी पोचले की आधी तो दाराआड लपायचा, आणि ओळख पटून जवळ येईपर्यंत रविवारची दुपार व्हायची. मग बदली झाली आणि औंधला आम्ही खोली घेतली. नवरा साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, रोज बसनं जाऊन-येऊन करतो, कंटाळतो, कुरकुरतो. पण रात्री तिघं एका जागी जेवतो. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं, खरं सांगते.

आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात पत्र आलं. कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे हे दरवर्षी मुलांच्या संख्येवरनं ठरतं. आता ती संख्या हजेरीपटावरनं धरत नाहीत. पोर्टलवर ज्या मुलाचं आधार जुळलं तेवढंच मूल खरं. विसाच्या वर मुलं असली तर दोन शिक्षक, नाहीतर एक. आमच्या पटावर मुलं एकवीस. म्हणजे एकसुद्धा निसटून चालणार नव्हतं. एक जरी गळलं, तर सेवेनं धाकटी म्हणून मी अतिरिक्त. काय शब्द शोधून काढलाय, अतिरिक्त! आमटीत मीठ जास्त व्हावं तसं. आणि अतिरिक्त माणसाला जागा कुठं मिळते? जिथं कुणी जायला तयार नसतं तिथं. पुन्हा तोच डोंगर.

पोर्टल उघडलं. सतरा मुलांपुढं हिरवी खूण, चौघांपुढं लाल. का लाल, ते पोर्टल सांगत नाही. नुसतं म्हणतं, 'जुळत नाही'. नाव जुळत नाही, का तारीख, का आणखी काही? आपण डोकं आपटायचं. फायलीत झेरॉक्स होत्या, त्या इतक्या फिक्या की अंदाजानं वाचाव्या लागत. मूळ कार्डं दोघांची हरवलेली, एकाचं मामाच्या गावी राहिलेलं, आणि एकाचं म्हणे शेळीनं खाल्लं. मोठे गुरुजी म्हणाले, "बाई, कार्ड नव्यानं उतरवून घ्या. त्यावर काय लिहिलंय ते बघू, आणि तसंच्या तसं भरू." बरोबरच होतं. पण उतरवायला ओटीपी लागतो, आणि तो जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर.

चौघांच्या आयांना शाळेत बोलावलं. म्हटलं, "मोबाइल नंबर कुणाचा दिलाय ते सांगा."

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "त्यो... खालच्या आळीच्या फौजीचा."

दुसरी म्हणाली, "आमचा बी त्योच की."

तिसरी-चौथीनं नुसत्या माना डोलावल्या. माझं टाळकं सटकलं. "अगं, पोरं तुमची आणि नंबर त्याचा? घरात फोन नाहीत का तुमच्या?"

बोलावलेल्या चारच होत्या, पण आल्या होत्या पाच. पाचवी मागं दाराशी बसलेली, पंचविशीची, कडेवर तीनेक वर्षांची पोरगी. तीच त्या फौजीची बायको. तिचं एकही मूल शाळेत नव्हतं, पण आळीतल्या बायकांना बोलावलंय म्हटल्यावर ती आपली आली होती. तिनं मला समजावून सांगितलं. "आवं बाई, शाळंत कार्डाचा क्याम्प लागला तवा फुकटची सिमं मिळायची. म्हयन्याला नंबर बदलायची लोकं. आमच्या ह्यांचा नंबर भरती झाल्यापास्नं एकच हाय. फौजेत लिवलेला हाय, बदलता येत न्हाई. ते तवा रजेवर हुते. लोकं म्हनली, ह्येचाच द्या, पक्का हाय."

"आणि गॅसला? रेशनला?"

"त्येला बी त्योच. रजेवर आले की फोन नुसता वाजत असतुया. कुनाचा गॅस, कुनाची पीकपाहणी. जेवता येत न्हाई त्येंना."

म्हणजे अर्धी वाडी सरकारदरबारी त्या एका माणसाच्या खिशात होती. गावं फौजीवर विश्वास टाकतात हे मला माहीत होतं. इथं प्रत्येक दोन घरांआड एकजण पलटणीत आहे, पेन्शनीत आलेल्याचा शब्द ग्रामसभेत शेवटचा. पण विश्वास इतका की स्वतःचा नंबरच ठेवायचा नाही! काय म्हणावं? जोडलेला नंबर बदलून घ्यायचा तर केंद्रावर जाऊन पंधरवडाभर वाट बघावी लागणार होती. पोर्टल बंद व्हायला दिवस उरले होते आठ.

"कुठं आहेत सध्या ते?"

"लय वर. तितं रेंज न्हाई. आयतवारी पलटणीच्या फोनवरनं बोलत्यात, पाच मिंटं."

त्या रविवारी सकाळी मी स्कूटी काढून तिच्या घरी जाऊन बसले. चहा झाला, पोहे झाले, अंगणातली माणसं वाढत गेली. साडेनऊला फोन वाजला. तिनं स्पीकर लावला आणि मी घाईघाईनं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "ओटीपी न्हाई सांगायचा. आमाला लेक्चर झालंय त्येचं."

"अहो, मी शाळेची बाई बोलतेय! तुमच्या घरात, तुमच्या बायकोशेजारी बसलेय!"

"आवाजावरनं काय कळतंय बाई? हल्ली आवाज बी खोटा काढत्यात."

पाच मिनिटांतली दोन गेली. मला ओरडावं का रडावं कळेना. तेवढ्यात बायकोनं फोन ओढून घेतला. "आवं, गेल्या रजेत शेरडू धरताना कुटं पडला हुता, त्ये सांगू का? सगळी आळी हाय हितं उभी."

"बास, बास! खरी हाय, खरी हाय!" तो म्हणाला, आणि अख्खं अंगण हसायला लागलं. ओळख पटवायची याहून पक्की रीत मी तरी पाहिलेली नाही. मग तो झटक्यात कामाला लागला. पंधरवड्यातनं एका बुधवारी, म्हणजे आता येत्या बुधवारी, रेशन आणायला त्यांची गाडी खाली उतरते, एका वळणावर थांबते, तिथं अर्धा तास रेंज असते. अकराच्या आसपास. "तवा लावतो फोन. तय्यार ऱ्हावा," असं म्हणाला आणि लाइन संपली. पोर्टल शुक्रवारी बंद होणार होतं. म्हणजे एवढा एकच बुधवार.

शाळेत नेट म्हणजे लिंबाखाली उभं राहिलं तर एखादी काडी. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीत जमायचं ठरवलं. तिथं केबल आलीय, आणि वायफाय गावाला फुकट आहे. त्या वायफायनं गावाची बसायची जागाच बदललीय. पूर्वी माणसं देवळापुढं बसायची, आता ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून बसतात. भरतीची तयारी करणारी पोरं तिथं, बाजारभाव बघणारे तिथं, पेन्शनीतले सुभेदार-हवालदार तिथं. पूर्वी ग्रामसभेला कोरमची मारामार व्हायची. आता सभा लागली की माणसं आधीच जाग्यावर असतात, आणि सरपंचानं काही ठोकून दिलं तर कुणीतरी जागच्या जागी फोनवर शासनाचा कागद काढून दाखवतं. सरपंच वैतागतो. मला मजा वाटते.

बुधवारी मी साडेदहालाच पोचले. शाळा मोठ्या गुरुजींवर सोडली होती. पंचायतीत दोन संगणक. एकावर पंचायतीची ऑपरेटर बाई, माझ्याच वयाची, थंड डोक्याची. ती कार्डं उतरवणार. दुसऱ्यावर मी शाळेचं पोर्टल उघडून बसले. मध्ये फौजीची बायको, हातात फोन, कडेवर पोरगी. चौघी आया भिंतीला.

अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. मी मनातल्या मनात डोंगरातली खोली झाडायला लागले होते. पोराला काय सांगायचं, तो आता सातवीत आहे, दाराआड लपणार नाही, पण तोंड फिरवेल. एवढं आठवतंय की मी औंधच्या यमाईला म्हटलं, आई, पुढं काही मागणार नाही.

पावणेबाराला फोन वाजला.

"रेंज लागली! पर बाई, फोन पेटलाय नुसता! मेसेजवर मेसेज पडायला लागल्यात, थांबंनातच!"

पंधरा दिवसांचे अख्ख्या वाडीचे मेसेज एकदम येऊन कोसळले होते. ऑपरेटर बाईनं पहिला ओटीपी मागवला. तो वाचायला लागला, आम्ही घातला, चूक. पुन्हा वाचला, पुन्हा चूक. "थांबा, ह्यो गॅसचा हाय. आनि ह्यो... ह्यो पीकपाहणीचा दिसतुया."

"सगळ्यात वरचा वाचा हो! आत्ताचा! वरचा!" मी ओरडले.

"ओरडू नका बाई, वाचतुया." आणि मग त्यानं फौजेतल्यासारखा एकेक आकडा तोडून, दोनदा म्हणत सांगितला. बायको तो जशाच्या तसा मोठ्यानं म्हणायची, ऑपरेटर टाइप करायची. पहिलं कार्ड उघडलं. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे. मी पोर्टलवर कार्डाप्रमाणे केले. हिरवी खूण! अठरा.

दुसरं. हा तिसरीतला आमचा वाचनात पहिला येणारा मुलगा. कार्डावर त्याचं नावच वेगळं. त्याची आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "माज्या माह्यारी ठेवलेलं नाव हाय ते. पयलं बाळंतपण तिकडंच हुतं न्हवं. बारसं नंतर हितं केलं, तवा आत्यानं दुसरं ठेवलं." माझंही पहिलं बाळंतपण कवठ्यालाच झालंय. पोर्टलवर 'आधारवरचं नाव' असा वेगळा रकाना आहे, त्यात मामाच्या गावचं नाव भरलं. एकोणीस.

तिसरी दुसरीतली मुलगी. कार्डावर नाव बरोबर, तारीख बरोबर, सगळं बरोबर. मग लाल का? ऑपरेटर बाई माझ्या पडद्याशी वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्यात हिला मुलगा लावलाय." मी बघितलं. खरंच. आणि ही माहिती भरली कुणी होती? मीच. जूनमध्ये, घाईघाईत, माझ्याच या हातांनी. आठवडाभर सगळ्या आयांवर तोंडसुख घेत होते मी! कुणाला काही न बोलता दुरुस्त केलं. वीस.

चौथ्याचा ओटीपी मागवला आणि फोन कट झाला.

पाच मिनिटं गेली. सात गेली. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. फौजीच्या बायकोनं चार वेळा लावून बघितला, लागला नाही. चौथ्याची आई भिंतीशी खालीच बसली. "आमच्याच पोराचं व्हायाचं," म्हणायला लागली. मी तिला गप्प बस म्हटलं. वीस. म्हणजे शून्य. ते तिघं हिरवे होऊन काय उपयोग?

मग फोन वाजला. "गाडी सुटायला धा मिंटं हायती. लवकर!"

ऑपरेटर बाईनं पुन्हा मागवला. पडद्यावर आलं, फार वेळा मागणी झाली, थोड्या वेळानं प्रयत्न करा. असल्या वेळी माणसानं काय करावं? आम्ही घड्याळाकडं बघत बसलो. पलीकडनं कुणीतरी हिंदीत त्याला हाका मारत होतं आणि तो "आया, आया" म्हणत होता. तीन मिनिटं. ऑपरेटर बाईनं पुन्हा दाबलं. गेला! त्यानं वाचला, बायकोनं म्हटला, कार्ड उघडलं. हा पोरगा अथणीकडं, आजोळी जन्मलेला. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कानडी मुलखातल्या पद्धतीचं, दोन अक्षरं जास्त. मी एकेक अक्षर बोट ठेवून उतरवलं आणि बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं.

हिरवं.

एकवीस. मी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चौथ्याची आई माझ्या गळ्यात पडली, ऑपरेटर बाई हसत होती. मी मोठ्या गुरुजींना फोन लावला, म्हटलं, "गुरुजी, एकवीस." ते नुसतं "बरं झालं" म्हणाले, आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

इकडं पंचायतीत फौजीचा आवाज अजून येतच होता. "अजून कुनाचं हाय का? चार मिंटं हायती."

ही बातमी भिंतीपर्यंत गेली होती. दारातनं माणसं आत शिरली. "माझं गॅसचं बग रं गड्या!" "माझी पीकपाहणी ऱ्हायलीय!" एक पेन्शनीतले हवालदार तर काठी टेकत पार टेबलापर्यंत आले. फौजीच्या बायकोनं फोन त्यांच्यापुढं धरला. पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. चेहऱ्यावर काही नाही. अर्धा तास ती आकडे म्हणत होती, सहा सहा आकडे, लोकांच्या पोरांचे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरवड्यातनं एकदा मिळणारी ही रेंज तिची होती. मला तिनं रविवारचा फोन तेवढा सांगितला होता, हा बुधवार नव्हे. बुधवारी याच भिंतीला टेकून ती नवऱ्याशी व्हिडिओवर बोलते. मी कैकदा जाता-येता बघितलं होतं, आणि मनात म्हटलंही होतं की हल्लीच्या पोरींचा फोन काही सुटत नाही.

मी उठले. "बाहेर! सगळे बाहेर!"

"आवं बाई, एकच मिनिट..." हवालदार म्हणाले.

"एक सेकंदही नाही! काका, तुम्हीही! गॅस पेटायचा तेव्हा पेटेल. स्वतःचा नंबर जोडून घ्या जाऊन केंद्रावर, उद्याच्या उद्या! निघा म्हणते ना!" पहिलीच्या पोरांना ओळीत लावते तसं मी सगळ्यांना दाराबाहेर काढलं, ऑपरेटर बाईलासुद्धा. तिच्या स्वतःच्या कचेरीतनं. ती बिचारी निमूट गेली. मग फोनात तोंड घालून म्हटलं, "आता कुणाचं काही नाही. बायकोशी बोला." आणि बाहेर येऊन दार ओढलं, कडी हातात धरून उभी राहिले.

तिथं मला रडू फुटलं. सगळ्या गावासमोर. सुटले होते मी. औंधची खोली, नवऱ्याची कुरकुर, पोराचा दप्तर फेकल्याचा आवाज, सगळं माझं मला परत मिळालं होतं. हवालदारकाका बघत होते, मग त्यांनी उगाच आभाळाकडं बघितलं.

आतनं आधी काही ऐकू येईना. मग तिचा आवाज चढला. आणखी चढला. मग एकदम थांबला. मी कडी सोडली. ती बाहेर आली, डोळे ओले, नाकपुड्या फुललेल्या.

"झालं का गं बोलणं?" मी विचारलं.

"कुटलं बोलनं! भांडान झालं."

चार मिनिटं मिळाली बिचारीला, आणि त्यातही हे. "कशावरनं?"

"हिच्यावरनं." तिनं पोरगीकडं बोट दाखवलं. "त्येंचं म्हननं, हिला साताऱ्याला इंग्लिश शाळंत घालू, तुमी दोघी खोली करून ऱ्हावा. वाडीची शाळा आज हाय, उद्या न्हाई. मी म्हनलं, कशी न्हाई? आत्ता तुमीच तर एकवीस केली. बाई ऱ्हायल्यात. पोरगी हितंच बसनार." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग गाडी सुटली, फोन कट झाला."

तिनं पोरगीला माझ्यापुढं धरलं.

"घ्या जरा, बाई. हात भरून आलाय माजा."

मी घेतली. चांगली जड होती. शाळेपर्यंत मी तिला तशीच उचलून नेली.